बातमीतला आरोपी, कादंबरीतली शिक्षा

वृत्तपत्रातून साहित्यात आलेल्या लेखकांचा विचार करताना पत्रकारिता ही त्यांची उमेदवारी आणि कादंबरी ही त्यांची खरी कमाई असे बहुधा गृहीत धरले जाते. कच्चा माल गोळा करण्यापुरते लेखकाने वृत्तपत्रात राहावे आणि पुरेसे नाव झाले की त्या धबडग्यातून सुटका करून घ्यावी, असा हा समज असून तो अनेकांच्या बाबतीत खराही ठरतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे लेखक कार्ल हायासन यांना मात्र तो लागू पडत नाही. 'मायामी हेरल्ड' या दैनिकात १९८५ पासून २०२१ पर्यंत त्यांनी नियमित स्तंभ लिहिला आणि १९८६ पासून त्यांच्या स्वतंत्र कादंबऱ्या प्रसिद्ध होत राहिल्या; म्हणजे साडेतीन दशके ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच भूमीविषयी चालवली. पुस्तके अमेरिकेच्या सर्वाधिक खपाच्या याद्यांत झळकू लागल्यावरही त्यांनी स्तंभ सोडला नाही, आणि याचे कारण केवळ सवय किंवा निष्ठा एवढेच नसावे. त्यांच्या लेखनाची ही दोन अंगे परस्परांवाचून अपुरी होती. स्तंभात पुराव्यानिशी नाव घेऊन आरोप करता येत होता, पण आरोपीला शिक्षा होणे न होणे लेखकाच्या हाती नव्हते. कादंबरीत नाव घेता येत नव्हते, पण न्याय तडीस नेता येत होता. या दोन मर्यादांमधून एक लेखक कसा घडला, हे समजून घेण्यासाठी आधी तो ज्या जमिनीवर वाढला ती जमीन पाहावी लागते.

गवताची नदी आणि मोजणीच्या खुंट्या

हायासन यांचा जन्म १२ मार्च १९५३ रोजी झाला आणि त्यांचे बालपण फोर्ट लॉडरडेल शहराच्या पश्चिमेला असलेल्या प्लँटेशन या वसाहतीत गेले. त्या काळी ही वसाहत म्हणजे लोकवस्तीचे शेवटचे टोक होते आणि तिच्यापलीकडे एव्हरग्लेड्स सुरू होत असे. एव्हरग्लेड्सला सरसकट दलदल म्हटले जात असले तरी ते वर्णन अपुरे आहे. ओकीचोबी या विस्तीर्ण सरोवरातून दक्षिणेकडे, समुद्राला मिळेपर्यंत, जेमतेम घोट्या-गुडघ्याएवढ्या खोलीचे पाणी करवती कडांच्या उंच गवतातून इतक्या संथपणे सरकत जाते की पाहणाऱ्याला ते वाहत आहे हे कळतही नाही. काही ठिकाणी या प्रवाहाची रुंदी शंभर किलोमीटरच्या घरात जात असे. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे ही गवताची नदी आहे ही जाणीव अमेरिकी वाचकांत रुजली आणि त्याच वर्षी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. डग्लसबाईही 'मायामी हेरल्ड'मध्येच स्तंभ लिहीत असत, त्यांचे वडील त्या वृत्तपत्राचे संपादक होते, आणि पुढे त्यांनी कथा-कादंबरीकडे वळूनही या पाण्यासाठीचा लढा अखेरपर्यंत सोडला नाही. हायासन यांची परंपरा शोधायची झाल्यास ती इथवर मागे जाते.

फ्लोरिडाची लोकसंख्या १९५० साली सुमारे २८ लाख होती, १९८० साली ती ९७ लाखांवर गेली आणि २०२० च्या जनगणनेत २ कोटी १५ लाखांपर्यंत पोहोचली. या वाढीसाठी कालवे खोदून पाणी समुद्रात सोडले गेले, कोरड्या पडलेल्या जमिनीचे तुकडे पाडले गेले आणि उत्तरेकडच्या थंड राज्यांतील लोकांना ते विकले गेले. प्लँटेशनमधील मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ फार साधा होता. ज्या माळावर ते साप आणि कासवे पकडत, तिथे एक दिवस मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसत आणि काही आठवड्यांत बुलडोझर येत. मित्रांसह या खुंट्या उपटून टाकल्याचे हायासन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांनी त्यांना टंकलेखन यंत्र आणून दिले, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी 'मोअर ट्रॅश' नावाचे उपहासपर पत्रक काढून ते विद्यार्थ्यांत वाटले. आजोबा आणि वडील दोघेही फोर्ट लॉडरडेलमधील प्रतिष्ठित वकील असल्याने कायदा आणि कागदपत्रे यांचे वातावरण घरातच होते.

कमानीमागचे जंगल

फ्लोरिडा विद्यापीठातून १९७४ साली पत्रकारितेची पदवी घेतल्यावर हायासन यांनी अवकाशतळाजवळच्या 'कोको टुडे' या छोट्या दैनिकात उमेदवारी केली आणि १९७६ साली, तेविसाव्या वर्षी, ते 'मायामी हेरल्ड'मध्ये दाखल झाले. पुढची काही वर्षे त्या शहरातील कोणत्याही वार्ताहराला विसरता येण्यासारखी नव्हती. एकट्या १९८० या वर्षात क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख निर्वासित होड्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरले, एका कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या पोलिसांची निर्दोष सुटका झाल्याने दंगल उसळली, आणि कोकेनच्या व्यापारातील टोळ्यांनी भर बाजारात परस्परांचे मुडदे पाडले. या वृत्तकक्षातून पुढे हायासन यांच्याप्रमाणे गुन्हेवार्ताहर एडना ब्यूकॅनन, जॉन कॅट्झेनबाक आणि विनोदी स्तंभलेखक डेव्ह बॅरी हेही कादंबरीलेखनाकडे वळले, हा योगायोग नाही. दररोज हाती येणारी हकीकत इतकी अतर्क्य होती की बातमीच्या साच्यात ती पूर्ण मावत नसे.

या वार्ताहरांच्या हाती एक बळकट साधनही होते. फ्लोरिडात सरकारी दप्तर नागरिकांसाठी खुले ठेवणारा कायदा १९०९ पासून आहे आणि लोकप्रतिनिधींच्या बैठका उघड्या दरवाजाने घेण्याचे बंधन घालणारा, 'सूर्यप्रकाशाचा कायदा' म्हणून ओळखला जाणारा कायदा १९६७ पासून. भारतात केंद्रीय माहिती अधिकार कायदा २००५ साली आला हे ध्यानात घेतले, तर तेथील पत्रकाराला अटकेची नोंद, जमिनीच्या परवानगीची फाइल किंवा निवडणूक देणग्यांचा तपशील किती आधीपासून आणि किती सहज मिळत होता याची कल्पना येते. फ्लोरिडात विचित्र घटना अधिक घडतात अशी जी ख्याती आहे, तिच्यामागेही हे कागद कोणालाही पाहता येतात हे एक मोठे कारण आहे.

हायासन शोधपत्रकारितेच्या पथकात गेले आणि तिथे त्यांनी सहकाऱ्यांसह बहामा बेटांवरील अमली पदार्थांचा व्यापार आणि राजकीय भ्रष्टाचार यांचा छडा लावला. निष्काळजी डॉक्टर हाही विषय हाताळला. त्यांच्या पुढच्या लेखनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला तो उत्तर की लार्गोचा विषय. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात उतरत गेलेल्या बेटांच्या माळेतील हे पहिले मोठे बेट आहे, आणि त्याच्या उत्तर भागात उष्णकटिबंधीय कठीण लाकडाच्या झाडांचे असे जंगल आहे जे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जवळपास कुठेच आढळत नाही. तिथे १९८० च्या सुमारास 'पोर्ट बूगेनव्हिल' नावाची, भूमध्य सागरी धाटणीची हजारो घरे आणि होड्यांचा धक्का असलेली वसाहत उभारण्याचा घाट घालण्यात आला. तिचे अर्थकारण आणि तिला मिळालेल्या परवानग्या यांचा 'हेरल्ड'ने पाठपुरावा केला, स्थानिक कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, आणि अखेर प्रकल्प दिवाळखोरीत निघून जमीन राज्याच्या ताब्यात आली.

आज त्या जागी डॅगनी जॉन्सन या कार्यकर्तीच्या नावाने राज्य उद्यान आहे. मुख्य महामार्ग सोडून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात उजव्या हाताला एक भव्य, नक्षीदार, बंगल्यांच्या वसाहतीला शोभेल अशी काँक्रीटची कमान उभी दिसते. ही त्या न झालेल्या वसाहतीची कमान असून तीच आता उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तिच्याखालून आत गेल्यावर वसाहतीसाठी आखलेले रस्ते पायवाटा म्हणून वापरात आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी गम्बो-लिम्बोची तांबूस सालपटे सोलत असलेली झाडे, जंगली महोगनी आणि ज्याच्या चिकाने कातडीवर फोड उठतात तो विषवृक्ष असे सर्व वाढलेले आहे. याच जंगलात की लार्गो वुडरॅट हा काटक्यांचे मोठाले ढीग रचून राहणारा, जगात अन्यत्र कुठेही नसलेला उंदीर टिकून आहे. हायासन यांच्या १९९१ च्या 'नेटिव्ह टंग' या कादंबरीत याच बेटावर एक बनावट करमणूक नगरी उभी राहते आणि तिचा चालक गर्दी खेचण्यासाठी जगातील शेवटच्या दोन निळ्या जिभेच्या उंदरांचे सोंग उभे करतो. कमान पाहिल्यावर या कादंबरीतील कल्पनेचा वाटा किती थोडा आहे हे लक्षात येते.

स्तंभाचे व्याकरण

हायासन यांना १९८५ साली 'हेरल्ड'च्या स्थानिक बातम्यांच्या विभागात नियमित स्तंभ मिळाला. स्थानिक स्तंभलेखक ही अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीतील खास संस्था आहे आणि ती मराठी वाचकाच्या परिचयाच्या साप्ताहिक ललित सदरापेक्षा बरीच वेगळी आहे. हा लेखक वार्ताहराप्रमाणे फोन करतो, न्यायालयात बसतो, दप्तरे पाहतो, परंतु वार्ताहराला जे मत मांडता येत नाही ते मांडण्याची मुभा त्याला असते. बदल्यात प्रत्येक विधानाला कागदाचा आधार लागतो, कारण बदनामीच्या खटल्याची टांगती तलवार कायम असते. आणि हे सर्व सातआठशे शब्दांत, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा करावे लागते.

या स्तंभाचा मुख्य विषय पुन्हा पुन्हा जमीन हाच राहिला, आणि त्याचे कारण फ्लोरिडातील राजकारणाच्या रचनेत आहे. शेती किंवा पाणथळ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर दाट वस्तीला परवानगी द्यायची की नाही हे काउंटीचे, म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा परिषदेसारख्या मंडळाचे, निवडून आलेले सदस्य ठरवतात. त्यांनी हात वर करताच त्या जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते; आणि त्यांच्या निवडणुकीसाठी सढळ हाताने देणग्या देणाऱ्यांत बांधकाम व्यावसायिक, त्यांचे वकील आणि मध्यस्थ आघाडीवर असतात. बिगरशेती परवाने आणि आरक्षण उठवण्याचे राजकारण जवळून पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला यात अपरिचित असे काहीच नाही. हायासन यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी या व्यवहाराला कधी अमूर्त 'भ्रष्टाचार' म्हटले नाही. कोणत्या बैठकीत, कोणत्या सदस्याने, कोणाची देणगी घेतल्यावर किती दिवसांनी, कोणत्या भूखंडाच्या बाजूने मत दिले, हे ते सांगत, आणि मग त्या सदस्याचे समर्थन त्याच्याच शब्दांत पुढे ठेवत. एका व्हिडिओ-व्यवसायातील धनाढ्य उद्योजकाने नव्वदच्या दशकात एव्हरग्लेड्सच्या सीमेवर अडीच हजार एकरांची क्रीडा आणि करमणूक नगरी उभारण्याची योजना आखली आणि राज्याने तिच्यासाठी विशेष अधिकार देण्याची तयारी दाखवली, तेव्हा हायासन तिच्यावर सातत्याने तुटून पडले. ती योजना त्याच्या कंपनीच्या विलीनीकरणानंतर १९९५ च्या सुरुवातीस बारगळली. स्तंभाने ती थांबवली असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. बहुतेक योजना थांबल्याच नाहीत, आणि कादंबऱ्यांचे मूळ या अपयशात आहे.

स्तंभलेखकाच्या हाती बाँब

कादंबरीचा सराव त्यांनी आधीच केला होता. 'हेरल्ड'मधील सहकारी विल्यम मॉन्टाल्बानो यांच्यासह त्यांनी १९८१ ते १९८४ या काळात तीन रहस्यकथा लिहिल्या, ज्या नीटनेटक्या असल्या तरी विशेष वेगळ्या नव्हत्या. स्तंभ सुरू झाल्यानंतर वर्षभरात आलेल्या 'टूरिस्ट सीझन'मध्ये मात्र संपूर्ण निराळा आवाज ऐकू येतो. मायामीच्या व्यापारी मंडळाचा अध्यक्ष एका प्रवासी पेटीत मृतावस्थेत सापडतो आणि त्याच्या घशात रबरी खेळण्यातली मगर अडकलेली असते. पाठोपाठ पर्यटक नाहीसे होऊ लागतात. या सगळ्याचा सूत्रधार स्किप वायली हा शहरातील सर्वांत लोकप्रिय स्तंभलेखक आहे. लिहून काही होत नाही अशी त्याची खात्री पटल्यामुळे लोकांना फ्लोरिडात येण्याची धास्ती वाटावी यासाठी त्याने एक दहशतवादी टोळी उभारली आहे.

अरुण साधू यांच्या 'सिंहासन'मधील दिगू टिपणीस आठवणाऱ्या मराठी वाचकाला येथे थांबून विचार करावासा वाटेल. दोन्हीकडे सर्व काही पाहणारा पत्रकार आहे आणि दोन्हीकडे पाहण्याचा भार त्याला असह्य होतो. परंतु दिगू आतून कोसळतो, तर वायली बाहेर स्फोट घडवतो. हायासन यांनी वायलीला आपले सर्वांत जहाल विचार दिले, त्याला वाचकाचे प्रेम मिळवून दिले, आणि तरीही त्याच्या हातून निरपराध माणसे मरताना दाखवली. त्याला रोखण्याचे काम त्यांनी ब्रायन कीज या पूर्वाश्रमीच्या वार्ताहराकडे सोपवले. आपल्या संतापाचा शेवट कुठे होऊ शकतो, याची तपासणी लेखकाने कारकिर्दीच्या सुरुवातीलाच इतक्या प्रामाणिकपणे केली, म्हणून ही कादंबरी आजही त्यांच्या सर्वोत्तम पुस्तकांत मोडते.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली आलेल्या 'डबल व्हॅमी'मध्ये त्या संतापाला अधिक टिकाऊ रूप सापडले. क्लिंटन टायरी हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला, लाच न घेणारा माणूस फ्लोरिडाचा गव्हर्नर होतो, राखीव वनजमीन विकण्याचा ठराव आपल्याच मंत्रिमंडळाने संमत केलेला पाहतो आणि पद टाकून दलदलीत निघून जातो. तिथे तो 'स्किंक' या नावाने राहतो, रस्त्यावर गाड्यांखाली मेलेली जनावरे शिजवून खातो, पुस्तके वाचतो आणि जमीन नासवणाऱ्यांना गाठून धडा शिकवतो. जिम टाइल हा कृष्णवर्णीय महामार्ग पोलीस अधिकारी त्याचा एकमेव विश्वासू मित्र आहे. स्किंक पुढे अनेक कादंबऱ्यांत परत येतो आणि वाचकांना तो इतका आपला वाटतो याचे कारण उघड आहे. निवडून आलेला प्रामाणिक माणूस व्यवस्थेत टिकू शकत नाही, हे वाचकाने वृत्तपत्रात वाचलेले असते. मग त्याने कुठे जावे, या प्रश्नाला कादंबरी उत्तर देते.

छपरावर न चढलेला निरीक्षक

बातमी आणि कादंबरी यांचा सांधा सर्वांत स्पष्ट दिसतो तो अँड्र्यू चक्रीवादळाच्या प्रकरणात. हे वादळ २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ धडकले आणि त्याने साठ हजारांहून अधिक घरे उद्ध्वस्त केली. सुरुवातीला सगळा दोष वाऱ्यावर टाकला गेला. 'हेरल्ड'च्या पत्रकारांनी मात्र वाऱ्याच्या वेगाचा नकाशा आणि घरांच्या नुकसानीची नोंद एकमेकांवर ठेवून पाहिली, तेव्हा जुन्या घरांपेक्षा नवी घरे अधिक प्रमाणात कोसळल्याचे आढळले. छपराखालच्या लाकडी फळ्या खिळ्यांऐवजी यंत्राने मारलेल्या पिनांनी बसवलेल्या होत्या आणि त्या पिनाही अनेक ठिकाणी खालच्या तुळईला न लागता हवेतच राहिल्या होत्या; त्रिकोणी भिंतींना आतून आधार नव्हता; बांधकामाचे नियम वर्षानुवर्षे सैल होत गेले होते. तपासनीसांच्या नावावर एका दिवसात इतक्या तपासण्या नोंदलेल्या होत्या की प्रत्येक छपरावर शिडी लावून चढणे शक्यच नव्हते. या वार्तांकनासाठी 'हेरल्ड'ला १९९३ चे सार्वजनिक सेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हायासन यांनीही या विषयावर स्तंभांतून तीव्र लेखन केले, परंतु छपरे उडालेल्या वसाहतींच्या प्रमाणात तुरुंगात जाणारे जवळपास कोणीच नव्हते. त्यांची 'स्टॉर्मी वेदर' ही कादंबरी १९९५ साली आली आणि तिच्यात आव्हिला नावाचा माजी बांधकाम निरीक्षक आहे. त्याला उंचीची भीती वाटते, लाच घेऊन तो मोटारीतून न उतरताच छपरे मंजूर करीत असे, आणि वादळानंतर त्याच उद्ध्वस्त लोकांना छपरे दुरुस्त करून देण्याच्या नावाखाली लुबाडण्याचा धंदा तो सुरू करतो. शिवाय वादळग्रस्तांच्या दुःखाचे चित्रीकरण करण्यासाठी मधुचंद्र सोडून आलेला एक जाहिरातवाला, विम्याचे पैसे उकळणारी जोडगोळी, आणि या सर्वांच्या मागावर असलेला स्किंक असा हा पसारा आहे. बातमीत निरीक्षक हा आकडेवारीतला एक घटक होता. कादंबरीत त्याला स्वतःची भीती, घर, बायको आणि देवभोळेपणा मिळाला, आणि त्यामुळे छप्पर का उडाले हे ज्याला पिना आणि तुळया यांतून समजले नसते त्या वाचकालाही ते समजले. या दृष्टीने 'स्टॉर्मी वेदर' ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कादंबरी मानावी लागेल, मग तिचे कथानक अधूनमधून विस्कळीत होत असले तरी.

पाण्याचे खोटे नमुने

साखरेचा प्रश्नही असाच दोन्हीकडे चालत राहिला. ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेला, पूर्वी गवताच्या नदीचाच भाग असलेल्या सुमारे सात लाख एकर जमिनीवर शेती होते आणि तिच्यात उसाचा वाटा मोठा आहे. आयातीवरील कोटा आणि आधारभूत कर्जे यांच्या जोरावर अमेरिकी साखरेचा भाव जागतिक बाजारापेक्षा चढा ठेवला जातो, आणि हे धोरण टिकवण्यासाठी साखर उद्योग दोन्ही पक्षांना देणग्या देतो. शेतातून वाहून येणाऱ्या खतांतील फॉस्फरस हा खरा घातक ठरतो, कारण एव्हरग्लेड्सचे मूळ पाणी अत्यंत निकस आहे आणि तिथली करवती गवते त्या निकसपणालाच सरावलेली आहेत. पाण्यात फॉस्फरसचे प्रमाण अब्जात दहा भागांच्या वर गेले की रामबाणाची दाट बेटे माजतात, पाण्यावरील शेवाळाचे थर मरतात, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात आणि बगळ्यांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही. केंद्र सरकारच्या वकिलांनी १९८८ साली या प्रदूषणाबद्दल राज्यावरच खटला भरला, आणि त्यातून पुढे पाणी गाळून घेण्यासाठी पन्नास हजारांहून अधिक एकरांच्या कृत्रिम पाणथळी उभारल्या गेल्या.

'स्ट्रिप टीज' या १९९३ च्या कादंबरीत साखर उद्योगाच्या मुठीत असलेला खासदार आहे. तिच्यावर १९९६ साली डेमी मूर यांची भूमिका असलेला चित्रपट निघाला, परंतु त्यात साखरेचे राजकारण बरेच पातळ झाले. 'स्किनी डिप' ही २००४ ची कादंबरी या विषयाला अधिक न्याय देते. चॅझ पेरोन हा सरकारी जीवशास्त्रज्ञ एव्हरग्लेड्सच्या पाण्याचे नमुने तपासण्यासाठी नेमलेला आहे, पण एका बड्या शेतमालकाचे पैसे घेऊन तो फॉस्फरसचे आकडे खोटे लिहितो. त्याला दलदलीचा इतका तिटकारा आहे की नमुना घ्यायला पाण्यात उतरण्याचीही त्याची तयारी नसते. पत्नीला आपले बिंग कळले या संशयाने तो तिला जहाजावरून समुद्रात ढकलतो, ती तरंगत आलेल्या गांजाच्या गाठोड्याला धरून वाचते आणि मग त्याचा छळ मांडते. तक्त्यातील एक खोटा आकडा म्हणजे एका नदीचा खून आहे, ही गोष्ट कोणत्याही अहवालापेक्षा या कादंबरीने अधिक लोकांपर्यंत पोहोचवली.

मर्यादांचाही उल्लेख केला पाहिजे. हायासन यांच्या खलनायकांना शिक्षा बहुधा निसर्गच देतो. 'सिक पपी'मध्ये ते काम एक गेंडा करतो. वाचकाला त्यातून समाधान मिळते, पण न्यायालय, चळवळ किंवा निवडणूक यांच्या मार्गाने काही घडू शकते याची शक्यता या जगात क्षीण राहते, जरी की लार्गोच्या जंगलात प्रत्यक्षात ती खरी ठरली होती. शिवाय एकूण ढाचा पुस्तकागणिक फारसा बदलत नाही. सलग पाचसहा कादंबऱ्या वाचणाऱ्याला पुढचे वळण आधी दिसू लागते. ते स्वतः मात्र आराखडा न करता लिहितात आणि शेवट आपल्यालाही ठाऊक नसतो असे सांगत आले आहेत.

त्यांच्या लेखनातील आशेचा पदर आढळतो तो मुलांसाठीच्या पुस्तकांत. 'हूट' ही २००२ ची कादंबरी बिळात राहणाऱ्या, वीतभर उंचीच्या घुबडांविषयी आहे, ज्यांच्या घरट्यांवर धिरड्यांच्या उपाहारगृहाची इमारत उभी राहणार असते आणि शाळकरी मुले मोजणीच्या खुंट्या उपटून ती थांबवतात. प्लँटेशनच्या माळावर मुलांची हार झाली होती. पुस्तकात ती जिंकतात. तिला २००३ साली न्यूबेरी सन्मान मिळाला आणि अमेरिकेतील अनेक शाळांत ती वाचली जाते.

दोन भाऊ, एक व्यवसाय

वृत्तपत्राच्या ऱ्हासावर हायासन यांनी २००२ सालीच 'बास्केट केस' लिहिली होती, जिच्यात साखळी कंपनीच्या मालकाला भागधारकांसमोर सुनावल्यामुळे मृत्युलेखांच्या टेबलावर ढकललेला वार्ताहर नायक आहे. त्या वेळी ती काहीशी आक्रस्ताळी वाटली असली तरी पुढचा घटनाक्रम तिच्याही पुढे गेला. 'हेरल्ड' चालवणारा नाइट-रिडर समूह २००६ साली मॅक्लॅची कंपनीला विकला गेला. बिस्केन उपसागराच्या काठावरची वृत्तपत्राची इमारत आणि जमीन २०११ साली एका कॅसिनो-उद्योगाने २३ कोटी ६० लाख डॉलरला घेतली, दोन वर्षांनी कर्मचारी शहराबाहेर डोरलला हलले आणि जुनी इमारत पाडण्यात आली. मॅक्लॅचीने २०२० च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, कंपनी एका गुंतवणूक निधीच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी डोरलचे कार्यालयही सोडून देण्यात आले.

दरम्यान २८ जून २०१८ रोजी मेरीलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस येथे 'कॅपिटल गॅझेट' या छोट्या दैनिकाच्या कार्यालयात एका बंदूकधाऱ्याने गोळीबार करून पाच जणांचा बळी घेतला. जुन्या मजकुरावरून त्याने या वृत्तपत्राविषयी वैर धरले होते. मृतांत रॉब हायासन हे कार्ल यांचे धाकटे भाऊ होते, जे तेथे सहायक संपादक होते आणि स्तंभही लिहीत. उरलेल्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीचा अंक काढला आणि संपादकीय पान जवळजवळ कोरे सोडले. रॉब यांचीही एक कादंबरी लिहून झाली होती. 'फ्लोट प्लॅन' नावाने ती त्यांच्या मृत्यूनंतर, सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तंभलेखकाचा कादंबरीकार होण्याची वाट एकाच घरातील दोघांनी धरली आणि त्यांतील एकाला आपले पुस्तक छापलेले पाहता आले नाही.

कार्ल यांनी मार्च २०२१ मध्ये आपला शेवटचा स्तंभ लिहिला. त्यात निरोपाची भावुकता थोडी आणि काळजी अधिक होती, आणि ती काळजी अगदी व्यावहारिक होती. स्थानिक बैठकांना वार्ताहर पाठवणे वृत्तपत्रांना परवडेनासे झाल्यामुळे किरकोळ भ्रष्टाचार सोपा झाला आहे. आपल्या गल्लीच्या टोकाची झाडी एके सकाळी बुलडोझरखाली गेलेली दिसेल आणि हे कसे झाले असे मुलांनी विचारले तर पालकांना सांगता येणार नाही, असा त्याचा आशय होता. कादंबऱ्या थांबलेल्या नाहीत. 'फीव्हर बीच' ही २०२५ साली आली. त्यांना सामग्री पुरवणारी बैठकीतील नोंद, परवानगीची फाइल आणि देणगीदारांची यादी मात्र आता फार थोडे लोक उघडून पाहतात, आणि हे नुकसान कोणतीही कादंबरी भरून काढू शकणार नाही.

या लेखकाकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकाने आधी 'टूरिस्ट सीझन' घ्यावी, मग 'स्टॉर्मी वेदर' आणि 'स्किनी डिप'. परंतु त्यांच्यासोबत डायेन स्टीव्हन्सन यांनी संपादित केलेला 'किक अ‍ॅस' हा १९९९ चा स्तंभसंग्रह अवश्य वाचावा, कारण कादंबऱ्यांतील बहुतेक गुन्हेगारांचे खरे भाईबंद त्या संग्रहात तारखांसह नोंदलेले आहेत.